इखाच्या बाई

माझ्या आईला तिचा उजवा हात परत मिळाला तो आमच्या बाईंमुळं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. माझी खोड आहे, सांगायला बसलो की घाबरतो, भलतंच काहीतरी बोलत राहतो आणि मुख्य गोष्ट राहून जाते. ही राहायला नको. मी आठवीतनं शाळा सोडलेला माणूस. इथं मस्कतला पाण्याचा टँकर चालवतो. शुक्रवारी सुट्टी असते, त्या सुट्टीत थोडं थोडं लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आईच्या हाताला झालं काहीच नव्हतं. हात धडधाकट होता. पण त्या हातात इख आहे असं गाव म्हणत होतं, आणि आईनं ते खरं मानलं होतं. आमच्याकडं विषाला इख म्हणतात. ते कसं झालं ते सांगतो, पण आधी बाई.

बाई म्हणजे धाराशिवच्या एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. झाडाझुडपांत, पिकांत जे विष असतं त्याचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून सगळं धाराशिव त्यांना ‘इखाच्या बाई’ म्हणायचं. दुसरी कुणी असती तर असल्या नावाचा राग आला असता. बाईंना उलट अभिमान. रिक्षात चढताना स्वतःच म्हणायच्या, “चल मडगार्ड, इख बसलं. निघ.”

मडगार्ड म्हणजे मी, तेव्हा धाराशिवला रिक्षा चालवायचो. त्यांना पहिल्यांदा कॉलेजला सोडायला गेलो तेव्हा घाबरून रिक्षा गेटला घासली आणि मडगार्ड वाकलं. तेवढंच पुरलं. बाईंची पद्धतच होती, ज्यानं जे मोडलं तेच त्याचं नाव. वर्गात एक ब्युरेट होता, एक थर्मामीटर होती, दोघी सख्ख्या बहिणी थोरली फनेल आणि धाकटी फनेल होत्या. एकदा तहसील कचेरीत बाईंबरोबर गेलो होतो. आतनं चांगले सुटाबुटातले साहेब धावत आले, बाईंच्या पाया पडले. बाई म्हणाल्या, “कसा आहेस रे कंडेन्सर?” साहेबांचा शिपाई भिंतीकडं तोंड करून हसत होता.

रिक्षात बाई सरळ कधी बसल्या नाहीत. माझ्या रिक्षाला मागं सामानासाठी एक फळी होती, तिच्यावर त्या रस्त्याकडं पाठ करून बसायच्या, पाय बाहेर सोडून. मला लाज वाटायची. स्टँडवरचे रिक्षावाले म्हणायचे, “काय रं, बाईला आत जागा देत न्हाईस व्हय?” मी एकदा बाईंना म्हणालो, “बाई, आत बसा की, पडाल.” त्या म्हणाल्या, “पुढचं तू बघतोस ना? मग मागचं कुणीतरी बघायला पाहिजे.” आणि खरंच, त्या मागं बघत बसायच्या. मधेच ओरडायच्या, “थांब, थांब!” मी करकचून ब्रेक दाबायचा. बाई उतरून कुणाच्या तरी रानात शिरायच्या, एखादं पान तोडायच्या, दोन बोटांत चुरगाळून वास घ्यायच्या.

रानाचा मालक काठी घेऊन यायचा. “ओ बाई, काय चाललंय?”

“एक पान घेतलंय. पावती देते,” बाई म्हणायच्या, आणि खरोखरच पर्समधला कागदाचा कपटा काढून लिहून द्यायच्या: ज्वारीचं एक पान मिळालं, खाली सही. काठी घेऊन आलेला माणूस पावती बघून असा गोंधळायचा, की वर चहा पाजायचा.

चहाचं मात्र अवघड होतं. बाईंच्या खिशात — हो, त्यांनी ब्लाऊजला बाहेरून खिसा शिवून घेतला होता — कसल्या कसल्या कागदाच्या पट्ट्या असायच्या. चहाआधी त्या भेसळ बघायला दुधात पट्टी बुडवायच्या. बाई येताना दिसल्या की बसस्टँडसमोरचा एक चहावाला सरळ स्टोव्ह बंद करायचा आणि “गॅस संपला” म्हणायचा. साड्यांना सगळीकडं ॲसिडनं पडलेली बारीक भोकं होती. कुणी दाखवलीच तर म्हणायच्या, “ही माझी नक्षी आहे. पैठणीवाल्यांना जमणार नाही.”

येरमाळ्याच्या चैत्रातल्या यात्रेला मी त्यांना एकदा घेऊन गेलो होतो. तिथं चुनखडी वेचायची रीत आहे. येडेश्वरीची पालखी येते, आणि माणसं रानातले चुनखडीचे खडे वेचून एका जागी टाकतात. बाईंनीही खडा वेचला. मग पर्समधनं लिंबू काढलं, खड्यावर पिळलं आणि कानाशी धरून फसफस ऐकायला लागल्या. शेजारचे एक आजोबा चिडले. “ओ ताई, देवीच्या खड्यावर लिंबू?”

“देवीला लिंबू चालतं की, आजोबा,” बाई म्हणाल्या. “ऐका, बोलतोय खडा.” त्यांनी खडा आजोबांच्या कानाला लावला. आजोबा ऐकत राहिले. मग म्हणाले, “व्हय की.” आणि जाताना बाईंकडनं उरलेलं अर्धं लिंबू मागून घेऊन गेले.

बाईंना शंका घेणारी माणसं आवडायची. ‘विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यांशी त्यांचं जमायचं नाही. परीक्षेत ज्या पोरानं उत्तराखाली ‘मला हे पटलं नाही’ असं लिहिलं त्याला त्या जास्त मार्क द्यायच्या असं म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही. मला मात्र त्या रोज सांगायच्या, “शंका घे. पण उपाशीपोटी घेऊ नको, डोकं फिरतं.”

आता आईचं.

माझी आई आमच्या आळीतल्या सगळ्यांच्या शेळ्या राखायची. आमच्या स्वतःच्या थोड्या, बाकी लोकांच्या. सगळ्या काळ्याभोर, लांब कानांच्या, आपल्या उस्मानाबादी जातीच्याच. सकाळी घराघरातनं शेळ्या सोडून घ्यायच्या, दिवसभर हिंडवायच्या, सांजच्याला ज्याच्या त्याच्या दावणीला. त्यात सगळ्यात जास्त शेळ्या तात्यांच्या. तात्या म्हणजे गावातले मोठे बागाईतदार, सगळं गाव त्यांच्या शब्दात. त्या वर्षी तात्यांची शाळू ज्वारी काढून झाली होती, रानात नुसता सड उभा होता. सड म्हणजे कापणीनंतर जमिनीत राहतात ते ज्वारीचे खुंट. मधे अवकाळी पाऊस पडून गेला होता. तात्याच आईला म्हणाले, “सड मोकळाच हाय, सोड शेळ्या.” आईनं सोडल्या. थोड्या वेळानं शेळ्या थरथरायला लागल्या, तोंडाला फेस आला, धडाधड पडल्या. आई एकीकडनं दुसरीकडं पळत होती, त्यांच्या तोंडात पाणी ओतत होती. जिला पाणी पाजलं तीही गेली. आमच्याही गेल्या, तात्यांच्याही गेल्या. एक गाभण शेळी तेवढी वाचली.

आरोप असा कुणी केला नाही. पंचायत बसली नाही, पोलीस आले नाहीत. नुसतं बोलणं फिरलं. तिनं तोंडात हात घातला अन् शेळी मेली. तिच्या हातात इख हाय. दुसऱ्या दिवसापासून कुणी शेळी दिली नाही. विरजण मागायला येणाऱ्या बाया दुसरीकडं जायला लागल्या. आणि मग आईच तसं वागायला लागली, हे सगळ्यात वाईट. उजवा हात पदरात गुंडाळून ठेवायची. भाकरी थापायची, पण वाढायची नाही. “आपलं आपण घ्या,” म्हणायची. पुढं काही वर्षांनी माझ्या बहिणीला मुलगी झाली, तेव्हा आईनं नातीला उचललं नाही. लांबनं बघून हसली, हात मागं घेतला. बहीण बाळंतपण उरकून सासरी गेली ती रडतच गेली.

मी शाळा सोडली ती शेळ्या मेल्या त्याच साली. घरात कमावणारं कुणीतरी पाहिजे होतं. आधी धाराशिवला गॅरेजात, मग लायसन निघाल्यावर रिक्षा.

हे सगळं मी बाईंना सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. एकदा त्यांनीच फळीवरनं विचारलं, “मडगार्ड, तू घरचा डबा का आणत नाहीस रे? आई आहे ना?” मी रिक्षा चालवता चालवता सगळं सांगून टाकलं. पाठीला पाठ होती म्हणून सांगता आलं, तोंडासमोर सांगता आलं नसतं. माझं बोलणं संपलं, बाई गप्प. मला वाटलं पडल्याच की काय. वळून बघितलं तर जाग्यावर होत्या.

“अवकाळीनंतर किती दिवसांनी?” त्यांनी विचारलं. “सडाला फुटवे आले होते का? केवढे? वाळत होते का कोवळे?” आई कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मला जरा राग आला. मग म्हणाल्या, “रविवारी गावाला जाऊ.”

जाताना वाटेत त्यांनी मला समजावून सांगितलं. म्हणाल्या, “ज्वारीचं कोवळं पोर एवढंसं असतं. त्याला पळता येत नाही, शिंगं नाहीत. मग ते पोटात दोन डबे ठेवतं. एका डब्यात एक वस्तू, दुसऱ्यात दुसरी. डबे वेगळे आहेत तोवर काही नाही. शेळीनं चावलं की डबे फुटतात, दोन्ही एक होतात, आणि विष तयार होतं. ज्वारी मोठी झाली, कणीस धरलं, की तिला तेवढी भीती राहत नाही. विष कमी होत जातं. पण सडावरचा फुटवा टीचभर असतो, वर ऊन, खाली पाणी नाही. तो घाबरलेला असतो. घाबरलेल्यात जास्त इख.”

घाबरण्याचं मला लगेच कळलं. बाकीचं हळूहळू.

आई दारात बसली होती. बाईंनी खिशातनं एक जुनी पट्टी काढली, विटेसारखी लाल. म्हणाल्या, “आक्का, ही आधी पिवळी होती. कोवळ्या ज्वारीच्या विषाची वाफ लागली आणि लाल झाली. तुमच्या शेळ्या ज्वारीनं मारल्या.”

आईनं पट्टी लांबनंच बघितली. “रंगीवली आसंल,” ती म्हणाली.

मी मेल्याहून मेलो. बाई मात्र इतक्या खूश झाल्या की त्यांनी मांडीवर थाप मारली. “बरोबर! मी करून आणलेलं तुम्ही का मानायचं? आक्का, तुमच्याच हातानं करायचं. सगळ्यांसमोर. पण आत्ता रानात फुटवे नाहीत. जरा दम धरा.”

“माझ्या हातानं नको,” आई म्हणाली, आणि हात पदरात घेतला.

त्याच दिवशी बाई तात्यांच्या वाड्यावरही गेल्या. काय बोलल्या माहीत नाही. बाहेर येताना तात्या त्यांना गेटपर्यंत सोडायला आले, म्हणजे भांडण झालं नव्हतं.

मग ती परिषद आली. रासायनिक जीवशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद. आधी ती पुण्याला घ्यायचं घाटत होतं. पाहुणे परदेशातनं येणार, त्यांना हॉटेलं लागतात, विमानतळ लागतो. बाई अडून बसल्या. “ज्वारी पुण्यात उगवते का? विष इथं, मेलेल्या शेळ्या इथं आणि चर्चा तिकडं?” प्राचार्य हात जोडायचे, “मॅडम, आपल्याकडं पाहुण्यांना उतरवायचं कुठं?” बाई म्हणाल्या, “माझ्या घरी तीन खोल्या आहेत. एकीत पुस्तकं आहेत, ती अंगणात ठेवीन.”

शेवटी परिषद धाराशिवलाच ठरली. रिक्षा स्टँडवर दहा दिवस तोच विषय. “केमिकलवाले येनार म्हनं. फवारायचं औषध फुकट देतील का?” स्टेशनवरनं पाहुणे आणायचं काम माझ्याकडं. बाईंनी मला एकच इंग्रजी वाक्य शिकवलं, ‘वेलकम, माइंड युवर हेड’, कारण रिक्षाचं छप्पर खाली होतं. टांझानियाहून एक उंच, धिप्पाड प्राध्यापिका आल्या. त्यांच्याकडं कंद खाऊन माणसं आजारी पडतात, त्यातही हेच विष असतं म्हणे. मी घाबरत घाबरत वाक्य म्हणालो. त्या खाली वाकून आत बसल्या, मोठ्यांदा हसल्या आणि काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही, पण वाटेतल्या सगळ्या खड्ड्यांना त्या ‘वेलकम, वेलकम’ म्हणत होत्या.

उद्घाटनाला दीप लावायचा नाही, असं बाईंनी जाहीर करून टाकलं होतं. एका काचेच्या नळीत कोवळी ज्वारी कुस्करून घालायची, वर पिवळी पट्टी लटकवायची, बूच लावायचं आणि नळी मुठीत धरायची. उबेनं पट्टी लाल झाली की परिषद सुरू. आणि नळी धरणार माझी आई.

आई यायला तयार नव्हती. मी दोनदा गावाला गेलो. शेवटी बहीण म्हणाली, “आये, एकदाच. मग तू म्हनशील तसं.” तेव्हा आली. तात्यांनाही आमंत्रण होतं. बाईंनी त्यांना फोन करून सांगितलं होतं, “तात्या, अवकाळी पडून गेलाय. तुमच्या सडावर फुटवे आले असतील. ते आणा. टीचभर, खुरटलेले.” तात्या म्हणाले होते, “आणतो की.”

तात्या जीपमधनं आले. मागं ज्वारीच्या उंच पेंढ्या, हातभर कणसं, पानं धुतलेली, मधे गुलाबी रिबिनी बांधलेल्या. पोरांनी पेंढ्या उतरवल्या, दोन स्टेजच्या दोन बाजूंना उभ्या केल्या, एकीची पानं खुडून, कुस्करून नळी भरली. बाई आत पाहुण्यांत होत्या. स्टेजवर आल्यावर त्यांना पेंढ्या दिसल्या, पण त्यांना ती सजावट वाटली. नळीतला हिरवा चोथा काय सांगणार?

बाईंनी माईकवर सांगितलं, “आमच्या भागात एक बाई आहे. तिच्या हातात विष आहे असं लोक म्हणतात. आज तीच परिषदेचं उद्घाटन करेल.” आई स्टेजवर उभी होती, हात पदरात. बाईंनी नळी पुढं केली. आईनं पदर सोडवला. एवढ्या वर्षांत तिचा उजवा हात मी असा मोकळा बघितला नव्हता. तिनं नळी मुठीत धरली.

सगळं सभागृह बघत होतं. पट्टी पिवळी. थोडा वेळ गेला. पिवळी. प्राचार्य घड्याळाकडं बघायला लागले. मागनं कुणीतरी पोरगं ओरडलं, “मॅडम, चार्जिंग संपलं वाटतं!” हशा झाला. प्राचार्य वाकून बाईंना म्हणाले, “मॅडम, समई आहे तयार. दीपप्रज्वलन करून घेऊ का?”

आई माईकसमोरच होती, त्यामुळं ती हळू बोलली तरी सगळ्यांना ऐकू गेलं. “ज्वारीत कायबी न्हाय, बाई. म्या सांगितलं व्हतं.”

मी मागच्या दारात उभा होतो.  तिला मीच आणलं होतं. गावानं म्हटलं ते आता जगासमोर झालं, असं मला वाटलं. पुढच्या रांगेत तात्या मान हलवत होते.

बाईंनी नळीकडं नीट बघितलं, मग पेंढ्यांकडं. “तात्या, ज्वारी कुठली आणलीत?”

तात्या उभे राहिले, फेटा सरळ केला. “मळ्यातली, बाई. एक नंबरची. परदेशातली माणसं येनार, आन त्यांच्याम्होरं सडावरचं खुरटं ठिवायचं व्हय? गावाची काय इज्जत?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं बाई आता तात्यांना फाडून खातील. त्या आधी हसल्या. मग एकदम हसायच्या थांबल्या आणि आईच्या मुठीकडं बघत राहिल्या.

“आक्का, नळी सोडू नका,” त्या म्हणाल्या. “अशीच धरून चला. उद्घाटन अर्धं झालंय. उरलेलं भिंतीपलीकडं.”

कॉलेजच्या कुंपणाच्या भिंतीला एक भगदाड होतं, पोरं तास चुकवायला तिथनं जायची. त्या भगदाडातनं त्या दिवशी सगळी आंतरराष्ट्रीय परिषद गेली. सूट, टाय, गळ्यातली ओळखपत्रं, सगळं. टांझानियाच्या बाई बाहेर पडताना स्वतःच म्हणाल्या, “माइंड युवर हेड.” पलीकडं कुणाचं तरी काढलेलं रान होतं, सडावर टीचभर फुटवे, टोकं उन्हानं करपलेली. बाई खाली बसल्या, फुटवे खुडले, कुस्करले, दुसऱ्या नळीत घातले, थेंबभर पाणी, पिवळी पट्टी, बूच. मी पुढं होऊन नळी आईकडं द्यायला गेलो.

“तिला नाही,” बाई म्हणाल्या. “तात्या, तुम्ही धरा.”

“मी?”

“हां. तुमच्या हाताबद्दल गावात कुणी काही बोलतं का?”

“कुणाची हिंमत हाय?”

“म्हणून तर तुम्ही.”

तात्यांनी नळी धरली. सगळे उन्हात गोल करून उभे. मी तात्यांच्या मुठीतनं वर आलेल्या काचेकडं बघत होतो. पट्टी पिवळीच होती. मग कडेनं जरा मळकी दिसायला लागली. मला वाटलं, माझे डोळे. मग नारिंगी झाली. मग तात्यांच्या हातात, सगळ्यांच्या देखत, विटेसारखी लाल झाली.

तात्यांनी हात एकदम लांब केला, जणू विंचू धरलाय. “हे काय, हे काय! बाई, घ्या हे!”

बाईंनी त्यांची नळी घेतली, आईची नळी घेतली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. एक पिवळी, एक लाल.  टांझानियाच्या बाई काहीतरी बोलल्या, आणि बाईंनी ते आम्हाला मराठीत सांगितलं. “त्या म्हणतायत, आक्कांची नळी नसती तर तात्यांच्या नळीला काही अर्थ नव्हता. आक्कांच्या हातात लाल झाली असती, तर लोक म्हणाले असते, हाताचा गुण. दोन्ही लागतात.” मग बाई स्वतःचं बोलल्या, “तात्या, तुम्ही चांगली ज्वारी आणलीत म्हणून हे झालं. मला सुचलं नव्हतं.”

तात्या स्वतःच्या तळव्याकडं बघत होते. “म्हंजे त्या दिवशी माझ्याच रानात…”

“तुमीच म्हनला व्हता, सड मोकळा हाय,” आई म्हणाली. भांडून नाही, सांगितल्यासारखं.

“म्हनलो व्हतो.”

एवढंच. माफी वगैरे तात्या मागणारे नाहीत. पण आई अजून नळ्यांकडंच बघत होती. तिचं समाधान झालेलं नव्हतं, ते मला तोंडावरनं कळत होतं. तिनं बाईंना विचारलं, “मग ती गाभण शेळी का वाचली?”

सगळे बाईंकडं बघायला लागले. एवढे परदेशी विद्वान, प्राचार्य, पत्रकार. मला वाटलं, बाई आता काहीतरी मोठं सांगतील.

“माहीत नाही, आक्का,” बाई म्हणाल्या. “कमी खाल्लं असेल. आधीच पोट भरलेलं असेल. मी तिथं नव्हते, नमुना घेतलेला नव्हता. खरंच माहीत नाही.”

 “हां,” आई म्हणाली. “मग बाकीचं खरं बोलताय तुमी.”

जेवणाच्या मांडवात वाढपी भाकरी घेऊन आला, तेव्हा आईनं त्याच्या टोपलीतनं एक घेतली आणि माझ्या ताटात टाकली. उजव्या हातानं. “बघतोस काय? खा,” म्हणाली. तात्या शेजारच्या रांगेत होते. त्यांनी ताट पुढं केलं, “वैनी, मलाबी एक द्या.”  बाई तिकडं गुलाबजामात कसली तरी पट्टी बुडवत होत्या आणि आचारी त्यांच्या हाताकडं संशयानं बघत होता.

सगळं एका दिवसात बदललं असं नाही. काही घरं अजून शेळी देत नाहीत. पण तात्यांनी चार दिवसांत शेळ्या धाडल्या, आणि तात्यांच्या शेळ्या गेल्या की मागं निम्मी आळी आली. आई आता अवकाळी पडला की आधी रान बघते, फुटवा केवढा ते बोटानं मोजते, मगच कळप आत सोडते. नात आता पाच वर्षांची आहे. तिला आई इतकी कडेवर घेऊन हिंडते, की बहीण म्हणते, “आये, पोरीला जरा चालू दे की.”

मस्कतचं काम मिळालं तेव्हा मी बाईंना भेटायला गेलो. मला परदेशाची भीती वाटत होती, भाषेची भीती वाटत होती, विमानाची तर विचारू नका. बाई म्हणाल्या, “तिकडं काय उगवतं ते बघून कळव. आणि ते खाऊन जनावरं मरतात का, तेही विचार.” मी दर महिन्याला झाडांचे फोटो पाठवतो. त्या उत्तर पाठवतात, कधी ‘छान’, कधी ‘फोटो हललाय, परत काढ’.

आता बाई निवृत्त झाल्यात. गुडघे साथ देत नाहीत. फोनवर एकदा म्हणाल्या, “परिषद चुकीच्या जागी घेतली मी. भिंतीच्या आत घेतली. ती गावात घ्यायला पाहिजे होती, शेळ्यांच्या मधे. किती गावांत किती आक्का असतील, रे.”  फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही.

बाई, तुम्ही हे वाचाल तेव्हा कदाचित ‘मडगार्ड, शुद्धलेखन सुधार’ म्हणाल. सुधारीन. पण आधी हे ऐका. माझा करार संपला की मी येणार. जुनी का होईना, एक चांगली गाडी घेणार, तुमच्या गुडघ्यांना चढता येईल अशी खालच्या पायरीची. परंड्यापासून येरमाळ्यापर्यंत जिथं जिथं ज्वारी आहे आणि शेळ्या आहेत, तिथं तुम्हाला नेणार. पट्ट्या तुम्ही करा, फुटवे मी खुडीन, नळी धरायला आई येईल, तिला मी विचारलंय. पहिल्या गावात पहिली नळी लाल होईपर्यंत मी तुमचं काहीच फेडलेलं नाही, असं समजा. हे इथं लिहून ठेवतोय, कारण बोललेलं मी भीतीपोटी मोडतो. लिहिलेलं मोडायची मला त्याहून जास्त भीती वाटते.